विचारा की! – माळकरी माणूस आणि गुरुवारचा पब

गेल्या अंकात एका वाचकानं विचारलं होतं, 'लेकीकडं तीन महिने परदेशात राहून आलात, भजनाची पंचाईत झाली असेल ना?' मी चार ओळींत उत्तर दिलं होतं : लेक आयर्लंडात नर्स आहे, क्लेअर जिल्ह्यात राहते. पंचाईत काही झाली नाही, कारण दर गुरुवारी मी तिथल्या एका खेड्यातल्या पबात जाऊन बसत होतो, तो घरातली माणसंच चालवतात आणि तिथं गावातली माणसं वाजवतात. झालं! त्या चार ओळींवर पत्रांचा ढीग पडला. निम्म्यांना वाजवण्याबद्दल विचारायचंय, निम्म्यांना माझ्या गळ्यातल्या माळेबद्दल. म्हणून या वेळी बाकी सगळं बाजूला ठेवून हेच घेतो. (मूळव्याधीवर झाडपाला विचारणाऱ्या दोघांनी मुकाट्यानं डॉक्टरकडं जावं.)

प्रश्न : काका, तुम्ही माळकरी. पबात पाय ठेवताना काहीच वाटलं नाही? – एक वाचक, मंगळवार पेठ

उत्तर : वाटलं की. पाच मिनिटं दारात पावसात उभा होतो. लेक म्हणाली, "बाबा, आत चहा मिळतो." खरंच मिळाला. स्टीलच्या बुटक्या किटलीत काळा चहा, दूध वेगळं, वर दोन बिस्किटं.

आपल्या डोळ्यांपुढं परमिट रूम असते. काळ्या काचा, मिणमिणता दिवा, ओळखीचं कोण दिसू नये म्हणून भिंतीकडं तोंड. तिथं आत गेलो तर एक आजीबाई विणकाम करत बसलेल्या, टेबलाखाली कुत्रं झोपलेलं, आणि शाळेतली दोन पोरं व्हायोलिनच्या पेट्या घेऊन आई-बापाशेजारी. पोरांना रात्री नवापर्यंत थांबता येतं, मे ते सप्टेंबर दहापर्यंत, तसा तिथला कायदाच आहे. पिणारे पीत होतेच, तिथं कोण सोवळ्यात बसलं नव्हतं. पण कोल्हापुरात जन्म काढून ज्यानं तांबड्या-पांढऱ्याला 'नको' म्हणायची सवय लावून घेतली, त्याला दुसऱ्याच्या हातातल्या ग्लासाचं काय भय?

माळेबद्दल एकानंच विचारलं, तेही 'ही जपमाळ का' म्हणून. तिकडं बहुतेक लोक कॅथलिक, घराघरात जपमाळ असते. मी म्हटलं, तसंच समजा. त्यांचं समाधान झालं.

प्रश्न : 'घरातली माणसंच चालवतात' असं लिहिलंत. म्हणजे नक्की कसं? आमचं घरगुती खानावळीचं काम आहे, म्हणून विचारते. – एक भगिनी, गडहिंग्लज

उत्तर : ताई, तुम्हाला हे लगेच उमगेल. आपल्याकडं दुकानाच्या पाटीवर देवाचं नाव असतं, तिथं पबाच्या पाटीवर बहुधा आडनाव असतं, आणि वरच्या माडीवर त्याच आडनावाची माणसं राहतात. मी जायचो त्या पबाचं नाव छापत नाही. मालकीणबाईंना विचारलेलं नाही, आणि विचारलं असतं तर 'कशाला' म्हणाल्या असत्या.

खोली आपल्या जुन्या घरातल्या सोप्याएवढी. एका भिंतीला शेकोटी, तिच्यात पीट जळतं. पीट म्हणजे दलदलीतून विटांसारखी कापून वाळवलेली माती. पहिल्या दिवशी तो वास नाकात गेला आणि मला आजोळची शेणी आठवली. काउंटरच्या डाव्या अंगाला लाकडी खणांची मांडणी आहे. तिथं एके काळी किराणा होता. खेड्यातले पुष्कळसे पब पूर्वी असेच जोडधंद्याचे, इकडं दारू नि तिकडं चहा-साखर. डिंगल नावाच्या गावात अजून एका पबात एका बाजूला पिणं आणि दुसऱ्या बाजूला खिळे-हातोड्या विकायला आहेत. टिपररी जिल्ह्यातल्या फेथर्ड गावातला एक पब तर अंत्यविधीचं कामही करतो. हे ऐकून लेकीला म्हटलं, बरं आहे, रिक्षा लागायची नाही.

मालकीणबाई सत्तरीच्या. मुलगा दिवसभर गाई बघतो आणि संध्याकाळी हात धुऊन काउंटरमागं उभा राहतो. सून शाळेत शिकवते, शनिवारी मदतीला असते. नात बारा वर्षांची, ती कॉन्सर्टिना (हातात धरायची छोटी पेटी) वाजवते. नोकर असा कुणी नाही. बाईंचं काम बघत बसायला मला फार आवडायचं. काळी स्टाउट बिअर एका दमात भरत नाहीत. ग्लास तिरका धरून पाऊण भरायचा, मग ठेवून द्यायचा. आतला तांबूस ढग हळूहळू वर चढतो, खाली काळं होत जातं, मग वरचा पाव भाग भरायचा. बाई पहिली चाल सुरू झाली की पाच-सहा ग्लास पाऊण करून रांगेत ठेवायच्या आणि दुसऱ्या चालीला पुरे करायच्या. गल्ल्याचा ड्रॉवर चाल संपेपर्यंत उघडायच्या नाहीत, कारण तो खणकन वाजतो.

माझं आयुष्य साखर कारखान्याच्या हिशेब खात्यात गेलं, त्यामुळं गिऱ्हाईक मोजायची खोड. एका मंगळवारी मोजली : नऊ. त्यातले दोघे बुद्धिबळ खेळत होते, त्यांनी तीन तासांत एकेक ग्लास घेतला. गुरुवारी चाळीसच्या वर. तेव्हा पब जगतो कशावर ते तुम्हीच बघा. तिकडं खेड्यातले पब भराभर मिटतायत. नवा परवाना सहज निघत नाही. १९०२ च्या कायद्यापासूनची रीत अशी की नवा पब काढायचा तर आधी जुना परवाना विकत घेऊन तो बंद करायचा. २००० साली कायदा सैल झाला आणि देशातल्या कुठल्याही गावचा परवाना उचलून कुठंही न्यायची मोकळीक मिळाली. मग काय, खेड्यातला मालक थकला, पोरं शहराला गेली, की परवाना शहरातल्या एखाद्या सुपरमार्केटला विकून दाराला कुलूप. त्यात २०११ साली गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ८० मिलिग्रॅम चालायचं अल्कोहोल ५० वर आणलं. कायदा रास्तच आहे, पण दहा मैलांवरून गाडी घेऊन येणारा एकटा शेतकरी घरीच बसला.

मुलाला मी विचारलं, तू का विकत नाहीस? तो म्हणाला, "मग ही माणसं गुरुवारी जातील कुठं?" शेकोटीजवळचं बाक वाजवणाऱ्यांचं. 'राखीव' अशी पाटी नाही, पण गावातलं कुणी तिथं टेकत नाही. मी पहिल्या दिवशी ऊब बघून तिथंच बसलो होतो. बाईंनी काही न बोलता माझी किटली उचलली आणि खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवली. किटलीमागोमाग मीही गेलो.

अशा घरांमधून मोठमोठे वादक निघाले आहेत. क्लेअरमध्येच किलरश गावात एलिझाबेथ क्रॉटी म्हणून बाई होत्या (१८८५–१९६०). नवरा-बायको पब चालवायचे आणि बाई कॉन्सर्टिना वाजवायच्या. १९५० च्या दशकात आयरिश रेडिओवाले गावोगाव ध्वनिमुद्रण करत फिरले तेव्हा त्यांचं वादन देशभर गेलं. तुमच्या खानावळीत कुणी गात असेल तर त्याला भाकऱ्या थापायला बसवू नका, एवढंच सुचवतो.

प्रश्न : ही पबातली बैठक हजार वर्षांची जुनी परंपरा आहे, असं एका व्हिडिओत ऐकलं. खरं आहे का? – एक विद्यार्थी, कागल

उत्तर : नाही भावा. चाली जुन्या आहेत, पुष्कळशा दोन-अडीचशे वर्षांच्या. पण पबात गोल बसून त्या वाजवणं माझ्या वडिलांपेक्षा लहान आहे. आधी हे सगळं घराघरात चालायचं, स्वयंपाकघरात नाहीतर चौरस्त्यावर, आणि तेही नाचासाठी. १९३५ साली सरकारनं कायदा केला की सार्वजनिक नाचाला परवाना पाहिजे. पाद्रीबुवांनी आणि पोलिसांनी तो असा काही राबवला की घरगुती नाचही पुष्कळ ठिकाणी बंद पडले. पुढं दुसऱ्या महायुद्धानंतर कामाधंद्यासाठी लंडनला गेलेले आयरिश गडी एकेका खोलीत चार-चार राहायचे. तिथं वाजवणार कुठं? म्हणून ते पबात जमू लागले. तीच रीत नंतर मायदेशी आली आणि १९६० च्या दशकात रुजली. गिरणगावात कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी खोल्यांमध्ये भजनी मंडळं काढली, तसंच हे, फक्त देवाचा फोटो नाही.

प्रश्न : मी तबला शिकते. तिथले ताल कोणते, राग असतात का, आणि कागद न बघता इतकं पाठ कसं करतात? – राजारामपुरीतून एक वाचक

उत्तर : बाळ, तुझ्या पत्राला पान अपुरं पडेल. माझं ज्ञान पेटीवाल्याचं आहे, शास्त्र्याचं नाही, ते धरून वाच.

'जिग' म्हणजे सहा मात्रा, तीन-तीन. तुझा दादराच, पण जरा पळता. 'रील' चारच्या हिशेबात, आपल्या केरव्यासारखी. (रील म्हटल्यावर तुझा हात फोनकडं गेला असेल. तो शब्द नाचाचा आहे आणि तुझ्या फोनपेक्षा फार जुना.) 'स्लिप जिग' नऊ मात्रांची, तीन-तीन-तीन. ती पहिल्यांदा मोजताना मी दोनदा घसरलो. केरी आणि कॉर्क जिल्ह्यांच्या सीमेवरच्या डोंगरी भागात पोल्का जास्त वाजतो, क्लेअरमध्ये जिग आणि रील.

राग नाहीत, पण थाट म्हणशील तर कान लगेच धरतो. बरंच बिलावल, त्यानंतर कोमल निषादाचा खमाज आणि कोमल गंधार-निषादाचा काफी. काफीतली रील सुरू झाली की मला गलबलून यायचं, आणि ती माणसं तर नाचाची चाल म्हणून पाय आपटत असायची. एका चालीला बहुधा दोन भाग, आपलं धृपद आणि अंतरा समज. प्रत्येक भाग दोनदा. अशी अख्खी चाल दोन-तीनदा झाली की न थांबता दुसरी चाल धरायची. कुठली, ते आधी ठरलेलं नसतं. म्होरक्या नुसती मान वर करतो, कुणीतरी 'हप्!' म्हणतं, आणि सगळे एकदम वळतात. पंढरीच्या वाटेवर अभंग बदलताना विणेकऱ्याकडं बघतात ना, तस्सं.

वाद्यं : फिडल म्हणजे आपलं व्हायोलिनच. टिन व्हिसल ही सहा भोकांची पत्र्याची शिट्टी, पोरं तीवरच सुरुवात करतात. लाकडी बासरी. कॉन्सर्टिना ही माझ्या पेटीची चुलत बहीण, आत तशाच सुट्या पट्ट्या आणि भाता. गंमत अशी की क्लेअरमध्ये जी वाजवतात तिचं एकच बटण भाता ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. बारा वर्षांची पोर ते करत होती आणि मी पन्नास वर्षं पेटी वाजवणारा तिच्या मनगटाकडं बघत होतो. सगळ्यात अजब इलन पाईप्स. हा बसून वाजवायचा पवा. एका कोपरानं भाता मारायचा, दुसऱ्या कोपरानं पिशवी दाबायची, बोटांनी चाल काढायची, आणि खाली मांडीवर तीन नळ्या अखंड सूर धरून. तंबोराच की! त्यांचा षड्ज सहसा पेटीवरची पांढरी दोन. २०१७ साली युनेस्कोनं हे वादन मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतलं.

पाठांतराचं म्हणशील तर ऐकून-ऐकून. नातीला बाईंचा शेजारी शिकवायचा तेव्हा मी बसलो होतो. तो दोन फेऱ्या वाजवायचा, ती वाजवायची, चुकली की तो काही न बोलता तेवढाच तुकडा परत वाजवायचा. चालीचं नाव तिनं विचारलं तर म्हणाला, "नाव काहीतरी आहे खरं." कागद नाहीतच असं नाही. कॉर्क जिल्ह्यातून अमेरिकेत गेलेले फ्रान्सिस ओनील शिकागोचे पोलीसप्रमुख झाले. त्यांनी शहरातले सगळे आयरिश वादक हुडकून चाली गोळा केल्या आणि १९०३ मध्ये १८५० चालींचा संग्रह छापला. त्यांना स्वतःला स्वरलेखन जमत नव्हतं. त्यांच्याच खात्यातले जेम्स ओनील ऐकून लिहून घ्यायचे. पोलीसप्रमुखाचा कान असा असावा, हे आमच्या पेठेतल्या डॉल्बीवाल्यांना वाचून दाखवायला हवं.

आता तुझ्या कामाचं. तालासाठी तिथं 'बौरॉन' असतो. बकऱ्याचं कातडं ताणलेलं गोल कडं, आपल्या हलगीची लांबची भावकी. आपण हलगी शेकून चढवतो. त्यांचं कातडं शेकोटीनं फार ताणलं की ते पाण्याचा हात फिरवून उतरवतात. नियम असा की एका वेळी एकच बौरॉन. हे मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या गुरुवारी मी पिशवीतून टाळ काढले आणि एका जिगला दादरा समजून साथ धरली. पाऊण फेरी झाली असेल. बौरॉनवाल्यानं वाजवणं थांबवलं आणि काठी मांडीवर ठेवून माझ्याकडं बघत राहिला. रागानं नव्हे हो, पावसात छत्री विसरलेल्या माणसाकडं बघावं तसं. मी टाळ परत रुमालात बांधले. नंतर नातीनं सांगितलं : आधी दोन-तीन गुरुवार नुसतं ऐकायचं, मग विचारायचं, मग कुणी 'या' म्हणालं तर बसायचं. तू तबला घेऊन गेलीस तर हे ध्यानात ठेव.

प्रश्न : पन्हाळा रोडला माझं गार्डन रेस्टॉरंट आहे, एफएल-३ (परमिट रूमचा) परवाना आहे. आयरिश पबसारखी सजावट करून लाइव्ह म्युझिक ठेवायचा विचार आहे. खर्च केला तर चालेल का? – एक हॉटेलमालक

उत्तर : दादा, सजावट विकत मिळते. १९९० नंतर डब्लिनच्या कंपन्यांनी अख्खे पब, काउंटर-खुर्च्या-जुन्या पाट्यांसकट, बनवून जगभर पाठवायला घेतले. तसले पब दुबईतसुद्धा आहेत. त्यातला कुठला गुरुवार आठवणीत राहतो ते तिथं जाणाऱ्यांना विचारा.

माझं ऐकणार असाल तर आधी स्टेज काढा. माईक काढा. तिथं माईक नव्हताच, आणि वाजवणारे एकमेकांकडं तोंड करून, गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायचे. देवल क्लबात बैठक असते तेव्हा गवई आपल्यासाठी गातो, आपण दाद देतो. इथं तुम्ही नुसते शेजारी. कोपऱ्यात सहा खुर्च्या आणि एक सतरंजी टाका. वार एकच ठरवा आणि गिऱ्हाईक असो-नसो तो मोडू नका. दोन-तीन माणसांना बांधून घ्या, त्यांना बिदागी द्या. तिथंही बैठक धरणाऱ्या दोघांना पैसे मिळतात. बाकीचे आपल्या पायानं येतात, त्यांना चहा-जेवण विचारायचं. तुमच्या आसपासच्या वाड्यांत सोंगी भजनवाले आहेत, हलगीवाले आहेत, मिरजेला वाद्यं बनवणारी अख्खी गल्ली आहे. फिडल शोधत बसू नका. आणि गाणं सुरू असताना मिक्सर लावायचा नाही, हे स्वयंपाकघरात लिहून लावा.

बाटलीशिवाय जमेल का, असं विचारलं असतंत तर गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर चला म्हटलं असतं. म्हशीचं ताजं दूध पीत रात्री तिथं जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या त्या पबात होत नव्हत्या.

प्रश्न : एका शब्दात सांगा, त्यांचं भारी की आपलं? – शिवाजी पेठेतला एक तालीमवाला

उत्तर : तालमीत येऊन सांगतो. छापत नाही.

प्रश्न : आजोबा, तुम्ही तिथं एकदा तरी गायलात की नाही? – इयत्ता आठवी, इचलकरंजी

उत्तर : गायलो. शेवटच्या गुरुवारी, दुसऱ्या दिवशी विमान होतं. अकराच्या सुमाराला त्यांचं वाजवणं जरा थंडावतं आणि कुणी एक जण साथीशिवाय गातो. त्या वेळी बोलणं बंद, ग्लास ठेवणंही बंद. बौरॉनवालाच म्हणाला, "तुमच्याकडं गाणं आहे का?" तिथं असंच विचारतात, 'गाता का' म्हणत नाहीत.

मी काळी एकचा माणूस. पाईपवाल्याला खुणेनं सांगितलं की नुसत्या त्या तीन नळ्या चालू ठेव. त्यांचा सूर पांढरी दोन, म्हणजे मला अर्धा सूर वर. डोळे मिटले आणि तुकोबांचा अभंग धरला. दुसऱ्या चरणाला आवाज किंचित फाटला, लेकीनं खाली बघितलं. पण अंतऱ्यात वरचा षड्ज लागला आणि विणकामवाल्या आजीबाई, ज्यांनी तीन महिन्यांत माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता, हळूच 'गुड मॅन' म्हणाल्या. तिथली दाद तशीच असते. संपवलं तेव्हा टाळ्या नाहीत, पाईपवाल्यानं त्याच सुरावर रील सुरू केली आणि सगळे तीत शिरले.

निघताना काउंटरवर गेलो. बाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. मग ड्रॉवर उघडून चहाचे अडीच युरो घेतले.